यंत्रवाणी आणि आप्तवाक्य

प्रौढ वयात एखाद्या नव्या विद्येकडे वळणाऱ्या माणसाविषयी आपल्या शास्त्रकारांच्या मनात केवढा आदर होता, याची एक साक्ष न्यायशास्त्राच्या प्राथमिक ग्रंथांत आढळते. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रह’ हा लहानसा ग्रंथ नवशिक्यांना सुखाने बोध व्हावा म्हणून रचला. आणि हा नवशिका कोण, या प्रश्नाचे उत्तर देताना टीकाकारांनी आवर्जून सांगितले, की ग्रहणाचे आणि धारणेचे सामर्थ्य ज्याच्या ठायी पुरेपूर आहे, परंतु ज्याने हे एक शास्त्र अद्याप अभ्यासलेले नाही, असा मनुष्य येथे अभिप्रेत आहे. अंगावर पिणारे मूल नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्ता नावाच्या नव्या शक्तीशी आज ज्यांचा अचानक संबंध आला आहे, ते निवृत्त शिक्षक, तलाठी, दुकानदार, शेतकरी आणि गृहिणी याच अर्थाने नवशिके आहेत. संसाराचा, शेतीचा, कचेरीचा दीर्घ अनुभव त्यांच्या गाठीशी आहे. उणीव आहे ती या एका यंत्राच्या परिचयाची. तो परिचय त्यांना कोणत्या क्रमाने करून द्यावा, आणि त्या क्रमात पहिले स्थान कोणत्या प्रश्नाला असावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या बाबतीत फिनलंडसारख्या लहान देशाने घालून दिलेला पायंडा स्तुत्य आहे. हेलसिंकी विद्यापीठाने रिअॅक्टर या कंपनीच्या सहकार्याने २०१८ साली सामान्य नागरिकांसाठी एक विनामूल्य अभ्यासक्रम सुरू केला. संगणकाची आज्ञावली लिहिता येण्याची अट त्यात ठेवली नाही, आणि देशाच्या लोकसंख्येपैकी एक टक्का लोकांना, म्हणजे सुमारे पंचावन्न हजार प्रौढांना, या विद्येची मूलतत्त्वे समजावीत असा संकल्प सोडला. पुढे युरोपातील अनेक भाषांत तो अभ्यासक्रम उतरला. नव्या यंत्राचे ज्ञान तज्ज्ञांच्या दफ्तरात कोंडून न ठेवता ते नागरिकत्वाचा भाग मानावे, ही त्यामागील दृष्टी अनुकरणीय आहे. तथापि यंत्र कसे चालते हे समजल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि माझ्या मते तोच आरंभी विचारला पाहिजे: हे यंत्र जे बोलते, त्यावर विश्वास ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोठून प्राप्त होतो? हा प्रामाण्याचा प्रश्न आहे, आणि त्याचा जितका सूक्ष्म ऊहापोह भारतीय दर्शनांनी केला आहे तितका फार थोड्या परंपरांनी केला असेल.

प्रथम यंत्राची ओळख. विचार करणारे यंत्र शक्य आहे काय, हा प्रश्न इंग्रज गणिती अॅलन ट्युरिंग यांनी १९५० साली ‘माइंड’ या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात उपस्थित केला. आणि १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ येथे भरलेल्या विद्वानांच्या बैठकीच्या निमित्ताने जॉन मॅकार्थी यांनी या शाखेला तिचे आजचे नाव दिले. परंतु ज्या बोलक्या यंत्रांमुळे ही विद्या घरोघरी पोहोचली, त्यांचे मूळ याहूनही जुने आहे. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ साली पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’ या काव्यातील पहिली वीस हजार अक्षरे हाताने मोजली, आणि एका स्वरानंतर किंवा व्यंजनानंतर पुढे स्वर येण्याचा संभव किती, याचे कोष्टक मांडले. त्यानंतर १९४८ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी हाच हिशेब शब्दांना लावून दाखविले, की कोणत्या शब्दामागून कोणता शब्द किती वेळा येतो एवढी नोंद हाती असली, तरी इंग्रजीसारखी दिसणारी वाक्ये केवळ गणिताने उभी करता येतात. आजची यंत्रे या कल्पनेचाच महाकाय विस्तार होत.

एक उदाहरण जवळून पाहू. ‘आषाढी एकादशीला वारकरी चंद्रभागेत’ एवढे लिहून लेखणी थांबली, तर मराठी वाचकाच्या मनात पुढचा शब्द आपोआप उभा राहतो: ‘स्नान’; मग ‘करून’, मग ‘विठ्ठलाच्या’, मग ‘दर्शनाला’. वाचकाला हे सुचते, कारण ती गर्दी त्याने पाहिलेली असते, त्या वाळवंटातून तो स्वतः चाललेला असतो, निदान आजीच्या तोंडून त्याने ते सारे ऐकलेले असते. यंत्राला तेच शब्द सुचतात ते सर्वस्वी निराळ्या वाटेने. ग्रंथ, वर्तमानपत्रे, कायदे, संभाषणे अशा अफाट लिखित सामग्रीतील वाक्ये त्याच्यापुढे ठेवून पुढचा शब्दखंड ओळखावयास लावलेले असते. अंदाज चुकला की त्याच्या पोटातील आकड्यांत किंचित फेरफार होतो, आणि असे अगणित वेळा घडल्यावर ते आकडे भाषेच्या वळणाशी जुळून येतात. ओपनएआय या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या जीपीटी-३ या रचनेत असे आकडे सतरा हजार पाचशे कोटी होते. त्यानंतर माणसांकरवी उत्तरांची प्रतवारी करवून घेऊन, कोणते उत्तर लोकांना अधिक उपयुक्त व सभ्य वाटते याचेही वळण यंत्राला लावले जाते. चंद्रभागेचे नाव ते अचूक घेते, पण चंद्रभागेचे पाणी त्याच्या अनुभवात कोठेही नाही. या यंत्राच्या अंतरंगात जाणिवेचा काही अंश आहे किंवा नाही, हा वाद मोठा आहे. परंतु आपल्या प्रश्नासाठी तो निकालात काढण्याची आवश्यकता नाही. त्याचे वाक्य कोणत्या मार्गाने जन्माला येते एवढे कळले, तरी प्रामाण्याचा विचार सुरू करता येतो.

नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज सारे नाकारले. दिङ्नागादी बौद्ध आचार्यांनी प्रत्यक्ष व अनुमान एवढीच दोन ठेवली. वैशेषिकांनी शब्दाला अनुमानाच्या पोटात घातले. न्यायदर्शनाने मात्र शब्दाला स्वतंत्र आसन दिले, कारण मनुष्याच्या ज्ञानाचा फार मोठा भाग दुसऱ्याच्या सांगण्यावर उभा असतो हे सत्य त्याने ओळखले होते. आपली जन्मतारीख, पूर्वजांची नावे, न पाहिलेल्या देशांचे अस्तित्व हे सारे आपण ऐकूनच जाणतो. पण हे आसन शब्दाला सरसकट दिलेले नाही. तो शब्द आप्ताचा असला पाहिजे. आणि आप्त कोण, याची वात्स्यायनांनी न्यायसूत्रांवरील भाष्यात केलेली मीमांसा आजही ताजी आहे. ज्याने वस्तूचा यथार्थ साक्षात्कार करून घेतला आहे, जसे जाणले तसेच दुसऱ्याला सांगावे अशी ज्याची इच्छा आहे, आणि त्या इच्छेने जो बोलण्यास प्रवृत्त झाला आहे, तो आप्त. विशेष असा, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असे वात्स्यायनांनी स्पष्ट नमूद केले आहे. आप्तत्व कुळावर, वेषावर किंवा भाषेच्या लालित्यावर अवलंबून नाही. ते जाणण्यावर आणि प्रामाणिकपणावर अवलंबून आहे.

ही कसोटी यंत्राला लावली असता काय दिसते? साक्षात्कार नाही, कारण त्याने वस्तू पाहिलेली नसून वस्तूंविषयी लिहिलेले शब्द तेवढे पचविले आहेत. यथार्थ सांगण्याची इच्छा आपल्याला ज्या अर्थाने ठाऊक आहे त्या अर्थाने त्याच्या ठिकाणी सिद्ध करता येत नाही. संभाव्य आणि शोभिवंत वाक्य घडविण्याकडे त्याचा कल असतो, आणि संभाव्य वाक्य पुष्कळदा सत्य असले तरी संभाव्यता व सत्यता या दोन गोष्टी भिन्न आहेत. येथे कोणी म्हणेल, की ज्ञानकोशाच्या संपादकाने तरी सारे कोठे प्रत्यक्ष पाहिलेले असते? आक्षेप योग्य आहे. पण कोशातील नोंदीमागे लेखक असतो, लेखकामागे त्याने वाचलेले ग्रंथ, ग्रंथांमागे कोणाचे तरी निरीक्षण, आणि त्या प्रत्येक कडीला जाब विचारता येतो. यंत्राच्या पोटात शब्द गेले की ही साखळी वितळते. आकड्यांच्या त्या समुद्रातून कोणते वाक्य कोणाच्या साक्षीवर उभे राहिले, हे ते यंत्र स्वतःही खात्रीने सांगू शकत नाही. जेथे ते एखाद्या ग्रंथाचा वा शासकीय पत्रकाचा खरा संदर्भ काढून देते, तेथे आप्तत्व त्या मूळ लेखाचे असते. यंत्र तो दस्तऐवज आपल्यापर्यंत पोहोचविणारे, आणि म्हणून तो दस्तऐवज उघडून पाहणे हे आपले काम.

शब्द आहेत पण जाणता वक्ता नाही, ही अवस्था आपल्या तार्किकांना अपरिचित नव्हती. २०२१ साली एमिली बेंडर, टिमनिट गेब्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गाजलेल्या निबंधात अशा भाषायंत्रांना पोपटाची उपमा दिली. त्याच्या कितीतरी आधी नव्यन्यायाच्या पंडितांनी पढविलेल्या पोपटाच्या वाक्याचा प्रश्न चर्चिला होता. वाक्यातून अर्थबोध होण्यासाठी पदांची परस्पर आकांक्षा, अर्थाची योग्यता, पदांचे सान्निध्य आणि वक्त्याचे तात्पर्य यांचे ज्ञान लागते, असे मानल्यावर अडचण अशी आली, की पोपटाला तर तात्पर्यच नाही, तरीही त्याचे बोलणे ऐकून आपल्याला अर्थ कळतो. ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त विश्वनाथांनी यावर दिलेले समाधान असे, की पोपटाचे वाक्य खरे असेल तेथे ईश्वराचे तात्पर्य मानावे, आणि वाक्य वस्तुस्थितीशी विसंवादी असेल तेथे त्याला शिकविणाऱ्याचे तात्पर्य मानावे. विश्वनाथांचा विषय अर्थबोधाचा होता, दायित्वाचा नव्हता. तरीही त्यांच्या या विभागणीत आजच्या माणसाने मनन करण्याजोगे काहीतरी आहे. यंत्राच्या बोलण्यात जे सत्य आढळते, ते मानवजातीने युगानुयुगे साठविलेल्या सत्याचा अंश आहे. त्याचे स्वामित्व कोणा एका कंपनीला सांगता येणार नाही. आणि जे असत्य आढळते, त्याची चौकशी करताना ‘यंत्र चुकले’ एवढ्यावर थांबता येत नाही; कोणी शिकविले, काय वाचावयास दिले, कोणत्या हेतूने बाजारात आणले, असे विचारीत शिकविणाऱ्यापर्यंत जावे लागते.

याहून गंभीर पूर्वपक्ष मीमांसकांच्या बाजूने उभा करता येईल. शब्द मुळात निर्दोष असतो, दोष शिरतो तो वक्त्याच्या द्वारे. म्हणून ज्या वेदाला कोणी कर्ताच नाही, त्यात दोषाला जागा नाही, ही कुमारिलभट्टांच्या परंपरेची भूमिका. मग ज्या यंत्राला राग नाही, लोभ नाही, अहंकार नाही, त्याचे वाक्य माणसाच्या वाक्याहून अधिक निर्दोष का मानू नये? अनेक सुशिक्षित माणसे नकळत हाच युक्तिवाद करतात, आणि यंत्राला निःपक्षपाती पंचाच्या जागी बसवितात. उत्तर असे, की यंत्राची वाणी अपौरुषेय मुळीच नाही. ती असंख्य पुरुषांची, असंख्य स्त्रियांची आहे, मात्र त्यांची नावे पुसलेली आहेत. वक्त्याचे जे चार दोष शास्त्रकारांनी सांगितले, ते चारही तिच्यात वारशाने उतरतात. भ्रम उतरतो, कारण वाचलेल्या सामग्रीत लोकभ्रम भरपूर असतात. प्रमाद उतरतो, कारण जेथे माहिती नाही तेथेही वाक्य पुरे करण्याची सवय सुटत नाही. विप्रलिप्सा, म्हणजे फसविण्याची इच्छा, यंत्रात नसली तरी त्या सामग्रीतील जाहिरातदारांत, प्रचारकांत आणि यंत्राचा दुरुपयोग करणाऱ्या भामट्यांत असते. आणि करणापाटव, म्हणजे साधनाचे दुबळेपण, हे तर मराठी माणसाने विशेष ध्यानात ठेवावे. कारण इंग्रजीच्या तुलनेत मराठीतील लिखित सामग्री या यंत्रांच्या वाट्याला फारच थोडी आली आहे, त्यामुळे आपल्या गावची रूढी, आपल्या पिकाची जात, आपल्या सातबाऱ्यातील रकाना यांविषयी ते ज्या आत्मविश्वासाने बोलते, त्या प्रमाणात त्याची जाण असेलच असे नाही.

प्रमादाचा एक दाखला न्यायालयाच्या दफ्तरात कायमचा नोंदला गेला आहे. विमानप्रवासात खाद्यपदार्थांची धातूची गाडी गुडघ्याला लागून इजा झाली, अशी एका प्रवाशाची फिर्याद न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात चालू होती. त्याच्या वकिलाने पूर्वनिर्णयांचा शोध घेण्यासाठी चॅटजीपीटीचा आश्रय केला, आणि यंत्राने पक्षकारांची नावे व निकालातील उतारे यांसह अनेक खटले पुरविले. ते खटले अस्तित्वात नव्हते. शंका आल्यावर वकिलाने यंत्रालाच विचारले, की हे खटले खरे आहेत काय. आणि यंत्राने ते खरे असल्याची ग्वाही दिली. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी संबंधित वकिलांना पाच हजार डॉलरांचा दंड ठोठावला, आणि ज्या खऱ्या न्यायाधीशांच्या नावावर ते बनावट निकाल घातले गेले होते, त्यांना पत्रे पाठवून ही हकीकत कळविण्यास फर्मावले. या प्रकरणातील बोध वकिलीपुरता मर्यादित नाही. साक्षीदाराची खातरजमा त्याच साक्षीदाराकडून करून घेता येत नाही, हे तत्त्व तालुक्याच्या कचेरीतील शिरस्तेदारालाही ठाऊक असते. पण गोड, सभ्य आणि अस्खलित भाषा समोर आली की भल्याभल्यांना त्याचा विसर पडतो.

हा विसर का पडतो, याचे कारण माणसाच्या स्वभावात आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाची एक साधी आज्ञावली प्रसिद्ध केली. बोलणाऱ्याचेच शब्द फिरवून प्रश्नरूपाने परत करणे एवढेच तिचे कसब होते. ती घडत असताना महिनोन्‌महिने पाहत आलेल्या त्यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीनेही तिच्याशी काही वाक्ये बोलल्यावर, आपल्याला एकांत मिळावा म्हणून, वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. या घटनेने ते इतके अस्वस्थ झाले, की पुढील आयुष्यात ते या विद्येचे कठोर चिकित्सक बनले. वाक्य ऐकले की त्यामागे वक्ता कल्पावा, वक्ता कल्पिला की त्याला हृदय द्यावे, ही आपली सहजप्रवृत्ती आहे. तिच्यामुळेच मानवी सहवास शक्य होतो, आणि म्हणून तिची लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु तिला विवेकाची जोड हवी.

असा विवेक प्रौढाला नव्याने शिकवावा लागत नाही, त्याला तो स्मरण करून द्यावा लागतो. ज्याने जमिनीचे व्यवहार केले आहेत, मुलांची लग्ने जमविली आहेत, पंचायतीत तंटे ऐकले आहेत, त्याने कोणाची जबानी किती वजनाची हे ठरविण्यातच आयुष्य घालविलेले असते. तोंडी पुरावा हा प्रत्यक्ष असला पाहिजे, पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्याने आणि ऐकलेली गोष्ट ऐकणाऱ्याने सांगितली पाहिजे, हा १८७२ च्या पुरावा अधिनियमातील साठाव्या कलमाचा दंडक त्याच्या हाडीमाशी खिळलेला असतो. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तो कायम ठेवला आहे. शास्त्रीय परिभाषेची साधनेही आपल्याजवळ आहेत: भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या संस्करणासह पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ साली प्रसिद्ध केला, आणि प्रामाण्यविचाराची सारी शब्दसंपत्ती त्यात अकारविल्हे मांडलेली आहे. ज्या समाजाजवळ हे धन आहे, त्याने नव्या यंत्रासमोर गोंधळून जाण्याचे प्रयोजन नाही.

मग या यंत्राच्या वाक्याचा स्वीकार कोणत्या नात्याने करावा? ते टाकाऊ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. डोळे अधू झालेल्या वृद्धाला ते पत्र वाचून दाखविते, बोजड शासकीय परिपत्रकाचा सारांश सोप्या मराठीत मांडते, आजाराविषयी डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत हे सुचविते. या सेवेचे मोल कमी लेखू नये. न्यायाच्या भाषेत सांगावयाचे तर यंत्राचे वाक्य निर्णयाच्या जागी न ठेवता संशयाच्या जागी ठेवावे. आणि संशय हा न्यायदर्शनाने ज्ञानाचा शत्रू मानलेला नाही, सोळा पदार्थांत त्याला स्थान देऊन विचाराचा प्रवर्तक मानला आहे. मीमांसक म्हणतात की ज्ञान बाधित होईपर्यंत स्वतःच प्रमाण असते. नैयायिक म्हणतात की त्याचे प्रामाण्य बाहेरून, त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या सफलतेवरून ठरते. आपल्या मुलाच्या, मित्राच्या, गुरुजींच्या बोलण्याबाबत आपण खुशाल मीमांसक व्हावे. स्नेहाचे जग त्यावाचून चालणार नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र प्रत्येकाने नैयायिक झाले पाहिजे. औषधाचे प्रमाण, बँकेचा व्यवहार, कायद्याचे कलम, कोणाच्या अब्रूला धक्का लावणारी बातमी, यांपैकी काहीही यंत्राने सांगितले तर दुसऱ्या, जाणत्या आणि जबाबदार तोंडातून किंवा मूळ कागदावरून त्याला पुष्टी मिळेपर्यंत कृती करू नये.

धर्माच्या क्षेत्रात ही सावधगिरी दुपटीने हवी. आपल्या देशात गीतेच्या नावाने, प्रत्यक्ष भगवंताच्या भूमिकेतून उत्तरे देणारी बोलकी यंत्रे २०२३ सालापासून निघाली आहेत, आणि दुःखाने पोळलेली माणसे त्यांना कर्तव्याविषयी, मृत्यूविषयी प्रश्न विचारतात. ग्रंथाचा अर्थ समजावून घेण्यास यंत्राचे साहाय्य घेण्यात पाप नाही. परंतु मराठी भक्तिपरंपरेने उपदेशाचा अधिकार पाठांतराला कधीच दिला नाही. तो अनुभवाला दिला. तुकोबांची वाणी आपल्याला आप्तवाक्य वाटते ती त्यांनी दुष्काळ भोगला, आप्तस्वकीयांचा वियोग सोसला, आणि त्या भट्टीतून जे हाती आले तेच सांगितले म्हणून. ज्याला मरण नाही, ज्याचे काही हरपत नाही, त्याने सांत्वनाची वाक्ये कितीही सुरेख रचली, तरी त्या वाक्यांना साक्षीचे बळ येत नाही. शोकाच्या वेळी शेजारी बसून काहीच न बोलणारा मनुष्यही त्या वाक्यांहून अधिक आप्त असतो, कारण तो मर्त्य आहे.

म्हणून प्रौढांना या विद्येची ओळख करून देणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगावी असे मला कळकळीने वाटते. यंत्राचे वाक्य यंत्राजवळ असते तोवर त्याला वक्ता नसतो. परंतु ज्या क्षणी आपण ते उचलून पत्रात लिहितो, अर्जात घालतो, नातवाला सांगतो किंवा गावभर पाठवितो, त्या क्षणी त्याला वक्ता लाभतो, आणि तो वक्ता आपण असतो. आप्ताची जी जागा यंत्राच्या वाक्यात रिकामी होती, ती आपल्या सहीने भरली जाते. जाणून घेण्याचे, यथार्थ सांगण्याचे आणि चुकल्यास जाब देण्याचे सारे दायित्व त्या सहीबरोबर आपल्यावर येते. पडताळणी करून सही करणाऱ्या माणसाच्या हाती हे यंत्र विद्येचे साधन होईल, आणि न पाहता सही करणाऱ्याच्या हाती ते असत्याला प्रतिष्ठा देईल. या दोहोंतील निवड करण्याची पात्रता संगणकशास्त्राच्या पदवीने येत नाही. खरे बोलण्याची ज्याला आयुष्यभर सवय आहे, अशा कोणत्याही साक्षर माणसापाशी ती आजच आहे.